अल्फा काढला की झालं, असं नसतं: व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीची विश्वसनीयता कशी तपासावी

'या प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.८५ आहे' असं कुठेतरी छापलेलं वाक्य उचलून आपल्या अहवालात चिकटवायची पद्धत बोकाळली आहे. तो आकडा ज्यांच्या उत्तरांवरून आला, ती माणसं तुमच्या नमुन्यात नाहीत. विश्वसनीयता, म्हणजे मिळालेले गुण किती भरवशाचे आहेत ते, प्रश्नांच्या कागदाला चिकटलेली नसते. ती उत्तरांची असते आणि माणसं बदलली की बदलते. निर्दयपणा, संशयखोरपणा, आवेगीपणा, लबाडी असे त्रासदायक गुणविशेष मोजताना तर ती भलतीच बदलते. म्हणून ती स्वतःच्या आकडेवारीवर काढायची. तिचा नेहमीचा आकडा म्हणजे क्रॉनबाखचा अल्फा: एकच गुण मोजणारी विधानं एकमेकांशी किती जुळतात ते तो सांगतो, आणि १ च्या जितका जवळ तितका चांगला मानतात.

पायरी १: उलट विधानांचे गुण फिरवा

० (अजिबात लागू नाही) ते ३ (पूर्ण लागू) अशी श्रेणी असेल आणि आवेगीपणा मोजायचा असेल, तर 'मी विचार करूनच पाऊल उचलतो' या विधानाचे गुण ३ मधून वजा करायचे. एखाद्या विधानाचा बाकीच्या विधानांशी सहसंबंध (दोन्हींचे गुण किती सोबत वाढतात-घटतात याचं माप) उणे दिसला, तर सिद्धान्त मांडत बसण्याआधी हे फिरवणं राहिलंय का ते पाहा.

पायरी २: बेफिकीर उत्तरं बाजूला काढा

सुलट आणि उलट दोन्ही विधानांना सरसकट ३ देणारा माणूस प्रश्न वाचत नव्हता. त्याला वगळायचा नियम अल्फा पाहण्याआधी लिहून ठेवा, नंतर नाही.

पायरी ३: अल्फा काढा आणि त्यावर लगेच विश्वास ठेवू नका

मीही इथेच बराच काळ चाचपडलो, आणि बहुतेक वाईट सल्लाही याच पायरीबद्दल मिळतो.

पहिली गोष्ट, सगळ्या प्रश्नावलीचा मिळून एकच अल्फा काढू नका. त्रासदायक गुणविशेष मोजणाऱ्या पीआयडी-५ या प्रश्नावलीत २२० विधानं आहेत आणि ती २५ वेगवेगळे गुणविशेष मोजतात. तिथे २५ आकडे हवेत. एकत्र काढलेला अल्फा झकास दिसतो, कारण विधानं वाढली की तो आपोआप वाढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.२० इतका किरकोळ असला, तरी २० विधानांना अल्फा ०.८३ येतो. तेवढ्याच सहसंबंधाच्या ५ विधानांना मात्र ०.५६. आकडा पाहिला की आधी विचारा, विधानं किती?

दुसरी गोष्ट त्रासदायक गुणांच्या बाबतीत खास छळते. 'दुसऱ्याला दुखावलं तरी मला काही वाटत नाही' हे विधान सर्वसाधारण लोकांपुढे ठेवा. समजा २०० पैकी १८४ जणांनी ० वर खूण केली. आता सहसंबंध कशाचा काढणार? सगळे एका टोकाला गोळा झालेत, माणसामाणसांत फरकच उरला नाही. अल्फा पडतो आणि नवखा संशोधक प्रश्नावलीला दोष देतो. तीच विधानं, हे गुण ठळक असलेली माणसंही ज्यात आहेत अशा गटाला दिली, तर अल्फा चांगला वर जाऊ शकतो. म्हणून अल्फाच्या आधी प्रत्येक विधानाच्या उत्तरांची वारंवारता छापून डोळ्यांखालून घाला. हा तक्ता न पाहता काढलेल्या अल्फाला मी तरी किंमत देत नाही.

यावर 'पॉलीकोरिक सहसंबंध वापरा, अल्फा वाढेल' असा तोडगा हमखास सुचवला जातो. हा सहसंबंध ० ते ३ या टप्प्यांमागे एक सलग गुण आहे असं धरून काढतात. वाढतो खरा. पण तो उत्तरांमागे गृहीत धरलेल्या सलग गुणाचा अल्फा असतो. तुम्ही वापरणार आहात ती मात्र कच्च्या गुणांची बेरीज. शिवाय २ आणि ३ वर जेमतेम कुणी असेल, तर तो सहसंबंधही डळमळीत असतो. द्यायचाच असेल तर सोबत द्या, साध्या अल्फाच्या जागी नको.

तिसरी गोष्ट: 'हे विधान वगळल्यास अल्फा इतका' हा रकाना पाहून विधानं छाटत सुटू नका. एक काढलं, आकडा वाढला. दुसरं काढलं, आणखी वाढला. शेवटी 'मला लवकर राग येतो', 'मी पटकन चिडतो', 'माझा पारा लगेच चढतो' एवढंच उरतं. अल्फा ०.९३! एकच प्रश्न तीनदा विचारलाय. मोजपट्टी लहान असेल आणि गुणविशेष मोठ्या पसाऱ्याचा असेल, तर ०.६५ कडे मी नाक मुरडत नाही. ०.९५ दिसला की मात्र विधानं पुन्हा वाचायला घेतो.

अल्फा सगळ्या विधानांचं वजन सारखं धरतो, आणि ते क्वचितच सारखं असतं. म्हणून जोडीला प्रत्येक विधानाचं वजन वेगळं धरणारा मॅकडॉनल्डचा ओमेगा काढा, दोन्हींची ९५ टक्के विश्वास-मर्यादाही (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) द्या. जॅस्प किंवा जमोवी ही मोफत सॉफ्टवेअर ओमेगा काढून देतात.

पायरी ४: त्याच लोकांना पुन्हा विचारा

दोन ते चार आठवड्यांनी. दोन दिवसांत विचाराल तर आठवणीतून उत्तरं येतात, वर्षाने विचाराल तर माणूसच बदललेला असू शकतो. साध्या सहसंबंधावर थांबू नका. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण बरोबर चाराने उतरले, तरी तो १.०० च दाखवेल. वर्गांतर्गत सहसंबंध (इंग्रजीत आयसीसी) घ्या, आणि त्यातही निव्वळ क्रम न पाहता प्रत्यक्ष गुण जुळतात का ते पाहणारा प्रकार निवडा.

आणखी एक मेख आहे. बेजबाबदारपणा मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या दुसऱ्या फेरीला बेजबाबदार माणसंच दांडी मारतात. आलेल्यांचे आणि न आलेल्यांचे पहिल्या फेरीतले गुण शेजारी ठेवून पाहा.

पायरी ५: आकडा गुणांच्या भाषेत आणा

प्रमाण विचलनाला, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाला, (१ वजा विश्वसनीयता) याच्या वर्गमुळाने गुणा. विचलन ६ आणि विश्वसनीयता ०.८४ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका माणसाचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात तो आकडा, २.४ येते. म्हणजे २१ गुण मिळालेल्या माणसाभोवतीची ९५ टक्क्यांची पट्टी साधारण १६ ते २६ अशी पसरते. 'धोकादायक'ची रेघ २० वर असेल, तर या माणसाला कुठल्या बाजूला टाकणार? सगळ्यांच्या तोंडी असलेला ०.७० हा निकष मानसमापनतज्ज्ञ ननली यांनी १९७८ मध्ये संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी सुचवला होता. एकेका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर किमान ०.९०, असंही त्यांनीच म्हटलं होतं. नोकरी किंवा उपचार ठरवायला ही प्रश्नावली वापरू पाहणाऱ्याला हा दुसरा आकडा दाखवा, आणि अहवालात प्रत्येक गुणाशेजारी ती पट्टी छापा.