प्लायची होडी: तळाचा आकार स्वतः बदलून बघायचा असेल तर

हा लेख पहिलीच होडी बांधायला निघालेल्यांसाठी नाही. जिगसॉ सरळ चालवता येतो, इपॉक्सी आणि हार्डनरचं प्रमाण चुकत नाही, तारेनं टाके घालून शिवण बसवणं जमतं, एवढं गृहीत धरलंय. दुसऱ्याच्या नकाशावरून एखादा कयाक किंवा कनू बांधून झाला, आता आकार आपला हवा, असं ज्यांना वाटतंय त्यांनी पुढे वाचावं.

आधी दोन गैरसमज निकालात काढतो. पहिला: लांब होडी जास्त पळते. याचं गणित असं सांगतात की पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा, की नॉटमध्ये वेगाची मर्यादा मिळते. १४ फुटांना ५ नॉट येतात, म्हणजे ताशी ९ किलोमीटरच्या वर. १७ फुटांना ताशी १० च्या थोडं पुढे. गणित बरोबर आहे. पण तुम्ही-आम्ही दिवसभर वल्हवतो तो वेग ताशी ५-६ किलोमीटरचा. त्या वेगाला लाटेचा विरोध कमी आणि ओल्या पृष्ठभागाचं घर्षण जास्त असतं. तीन फूट लांबी वाढवली की ओला पृष्ठभागही वाढतो, म्हणजे कधी न गाठायच्या वेगासाठी रोजचं ओझं वाढवून घेतलं.

दुसरा गैरसमज: होडी डुगडुगते, तर चांगली हातभर आणखी रुंद करा. एवढी गरजच नसते. डुगडुग थोपवणारा मुख्य घटक पाण्यावरच्या रुंदीच्या घनावर चालतो. ५५ सेंटिमीटरचे ६० केले की तो जवळपास ३० टक्क्यांनी वाढतो. त्याहून सोपं म्हणजे बैठक दोन बोटं खाली घ्या. अर्ध्याअधिक डुगडुगत्या होड्यांचा दोष आकारात नसतो, जाड गादीत असतो.

आता कामाला लागू. वजन धरा: माणूस ७५ किलो, होडी २०, सामान ५, एकूण १०० किलो. म्हणजे होडीनं १०० लिटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

प्रयोगासाठी तीन फळ्यांची होडी घ्या: एक सपाट तळ आणि दोन बाजू. पाच-सात फळ्यांचे गोलाईदार आकार दिसायला देखणे असतात, पण त्यात काय बदललं म्हणून काय झालं हे कळत नाही. तळ मध्यात ५५ सेंटिमीटर रुंद, बाजू ३० सेंटिमीटर उंच, लांबी साधारण साडेचार मीटर. आठ बाय चारचे दोन शीट टोकाला टोक जोडले की सगळं त्यात बसतं. पाण्यावर टेकलेल्या तळाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या आसपास येतं, म्हणजे १ सेंटिमीटर बुडायला साधारण १५ किलो लागतात.

लगेच प्लाय कापायचा नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जाडसर कार्डशीट आणा आणि एकास दहा प्रमाणात फळ्या कापून आतून टेपनं जोडा. पुठ्ठा आणि प्लाय दोन्ही एकाच दिशेनं वाकतात, दोन दिशांना एकदम वाकत नाहीत. त्यामुळे जे कार्डशीटला जमत नाही ते प्लायला जमणार नाही. उलगडलेली फळी काढून देणारे डेल्फ्टशिपसारखे प्रोग्राम चांगले आहेत, पण ते मॉडेलनंतर वापरा. पडद्यावरचा आकार वाकताना कुरकुरत नाही.

आता खरा अवघड टप्पा. मी इथे बराच काळ अडकून पडलो होतो, आणि नकाशे विकणारे यावर अवाक्षर काढत नाहीत.

होडीच्या आकारातले आकडे एकेकटे बदलता येत नाहीत. तुम्ही ठरवता की बाजू थोड्या जास्त बाहेर कलत्या ठेवू, म्हणजे होडी कलली तर जास्त रुंदी पाण्यात येईल आणि ती सावरेल. या कलाला फ्लेअर म्हणतात. विचार चांगला आहे. म्हणून बाजूच्या फळ्या त्याच ठेवून नुसता फ्लेअर वाढवता, आणि पाण्यात सोडल्यावर होडी केळ्यासारखी वाकलेली निघते: मध्य खोल, टोकं हवेत, वल्हं मारावं तेव्हा नाक भलतीकडे. तळाच्या या बाकाला रॉकर म्हणतात. तुम्ही हात लावलात फ्लेअरला आणि बदलला रॉकर.

का, ते हातात घेऊन बघा. कार्डशीटची सरळ पट्टी घ्या, तिची दोन टोकं धरून मध्य आपल्यापासून दूर जाईल अशी वाकवा. पट्टी उभी आहे तोवर खालची कड टेबलाला सगळीकडे टेकते. आता वरची कड बाहेर कलवा. मध्य टेबलावर राहतो आणि टोकं उचलली जातात. सरळ कडेच्या फळीत रॉकर असा फुकट येतो. हिशेबही सोपा आहे: तळाची अर्धी रुंदी गुणिले फ्लेअरच्या कोनाचा टॅन. आपली अर्धी रुंदी २७.५ सेंटिमीटर. उभ्यापासून १० अंश फ्लेअर ठेवला तर रॉकर सुमारे ५ सेंटिमीटर, २० अंश ठेवला तर सुमारे १०. कोन दुप्पट, बाक दुप्पट. फ्लेअर टोकापर्यंत तसाच ठेवला असेल तर हा आकडा लागू पडतो. टोकाकडे बाजू उभ्या होत गेल्या तर फरक पडतो, तो मॉडेलवरच बघायचा.

साडेचार मीटरच्या होडीला १० सेंटिमीटर रॉकर म्हणजे खडकांतून वळणं घेणाऱ्या नदीसाठीची होडी. पवना किंवा मुळशी धरणाच्या फुगवट्यावर ती नुसती गरगरेल. तिथे ५ पुरे. मग २० अंश फ्लेअर ठेवून ५ सेंटिमीटर रॉकर कसा मिळवायचा? बाजूच्या फळीची खालची कड मध्यात आत घेऊन. ५ सेंटिमीटर कमी करायचे आहेत, पण फळी तिरकी बसणार म्हणून फळीवर ते अंतर ५ गुणिले कोनाचा कोसाइन, म्हणजे ४.७ येतं. टोकांना शून्य, मध्यात ४.७, अशी कमान.

फळी टेबलावर सपाट ठेवली की ही कमान चुकीची दिसते. होडीचा तळ मध्यात वर उचललेला असेल असं वाटतं. शेजारी उभा असलेला प्रत्येक जण, अनुभवी सुतारसुद्धा, "उलटं कापलंय" म्हणतो. ऐकू नका. फळी वाकवून कलवली की कमान नाहीशी होते आणि उरतो तो ५ सेंटिमीटरचा बाक. खात्री वाटत नसेल तर कार्डशीटचं दुसरं मॉडेल करा, आठ-दहा रुपयांचं काम आहे. प्लायवर भीतभीत निम्मीच कमान कापणारे मात्र मला खरोखर खटकतात, कारण मग कोणता आकार तपासला हे त्यांनाही सांगता येत नाही.

वरच्या कडेचंही तेच होतं, टोकं आपोआप उचलली जातात. ती कड आत्ता कापायचीच नाही. दोन बोटं जास्त ठेवा आणि होडी उभी राहिल्यावर डोळ्यानं रेषा ठरवून कापा.

रेषा आखताना गाठ नसलेली, सरळ रेषांची सागवानी पट्टी वापरा. खिळे कमीत कमी ठोका. एकेक खिळा उपटून बघा: पट्टी टुणकन जागा सोडते का? सोडली तर तो बिंदू चुकलाय, पट्टी बरोबर आहे. मग जमिनीला गाल टेकवून कडेच्या रेषेत बघा. उभ्यानं न दिसणारा खळगा तिथून दिसतो.

मॉडेलची चाचणी. एकास दहा प्रमाणात वजन हजारपट कमी होतं, म्हणजे १०० किलोचे १०० ग्रॅम. रेतीच्या पुड्या तळापासून अडीच सेंटिमीटर उंचीवर बसवा, माणसाच्या वजनाचा मध्य साधारण तिथे येतो. वेग मात्र दहापट कमी करायचा नाही, दहाच्या वर्गमुळानं कमी करायचा. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या हौदात जहाजांची मॉडेलं ओढून हा नियम पक्का केला. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातही धरणं-बंदरांच्या प्रतिकृतींवर अभ्यास चालतो. ताशी ५-६ किलोमीटरसाठी आपलं मॉडेल सेकंदाला अर्धा मीटर ओढायचं.

ओढायची युक्ती जुनी आणि बिनखर्चाची आहे. फूटपट्टीच्या बरोबर मध्यात दोरा बांधा, दोन टोकांना दोन वेगळे आकार सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी बांधा, आणि सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात सकाळी पाणी स्थिर असताना मधल्या दोऱ्यानं ओढत चाला. ज्याला विरोध कमी ते पुढे सरकतं आणि पट्टी तिरकी होते. मॉडेलांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा ओढा. यातून कोणतं बरं एवढंच कळतं. किती बरं ते विचारू नका, कारण लहान मॉडेलवर घर्षणाचा वाटा मोठ्या होडीपेक्षा जास्त पडतो. पट्टी जेमतेम कलली तर दोन्ही सारखेच समजा.

जिंकलेला आकार ४ मिलिमीटर प्लायमध्ये कापा. चाचणीच्या होडीला ७१० ग्रेडचा मरीन प्लाय लागत नाही, साधा चालेल. पण भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात शीट घेताना कड नीट बघा. आतल्या थरात फट असेल तर फळी नेमकी तिथे मोडल्यासारखी वाकते.

टाके घाला, मध्यात आडवी काठी लावा. इथे एक गंमत करून बघा: शिवणी अजून तारेवरच आहेत तोवर काठी २-३ सेंटिमीटरनं लांब किंवा आखूड करा. फ्लेअर बदलतो आणि त्याबरोबर तळाचा बाक डोळ्यांदेखत बदलतो. प्रत्येक वेळी तळाखाली दोरी ताणून रॉकर मोजा आणि लिहून ठेवा.

मग पीळ. नाकाजवळ आणि शेपटीजवळ होडीवर एकेक सरळ काठी आडवी ठेवा, मागे चार पावलं जा, एक डोळा मिटून दोन्ही काठ्या समांतर दिसतात का बघा. नसतील तर उंच कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्याकडे तिरकी तार ताणा आणि इपॉक्सी सुकेपर्यंत काढू नका. पिळलेली होडी एका बाजूला ओढते आणि मग तुम्ही आकाराला दोष देत बसता. पावसाळ्यात हे काम करूच नका, दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. चाचणीच्या होडीला शिवणींवर काचकापडाची पट्टी आणि लाकडावर वॉर्निशचा हात पुरे.

पाण्यावर नेण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी कुठे लागते ते विचारून घ्या. खडकवासल्याचं पाणी शहर पितं आणि त्याचा काही भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या वापरातला आहे, तिथे शिरू नका. धरणातून विसर्ग चालू असताना मुठेत होडी घालायची नाही, यावर चर्चा नको. लाइफ जॅकेट हवंच.

पहिल्यांदा स्वतः बसू नका. २० लिटरचे पाण्याचे चार जार काठोकाठ भरून ठेवा आणि पाण्याची रेषा खडूनं आखा. हिशेबापेक्षा होडी दोन सेंटिमीटरहून जास्त बुडाली तर आधी हिशेब तपासा. मग बसा. काठावरच्या दोन झाडांमध्ये जाऊन-येऊन वल्ह्याचे फटके मोजा. घड्याळ लावू नका, घड्याळ लावलं की माणूस जोर करतो. जागच्या जागी पूर्ण गोल फिरायला किती फटके लागतात तेही मोजा. हे सकाळी करा आणि दुपारी वारा सुटल्यावर पुन्हा करा, कारण सकाळच्या शांत पाण्यात प्रत्येक होडी गुणी असते.

वाऱ्यात नाक सारखं वाऱ्याकडे वळत असेल तर आधी बैठक ५ सेंटिमीटर मागे सरकवा. तेवढ्यानं भागलं नाही तर मागच्या तळाला प्लायचा तळहाताएवढा स्केग, म्हणजे माशाच्या परासारखी उभी फळी, तात्पुरता चिकटवा. स्केगनं काम झालं तर पुढच्या होडीत रॉकर फक्त मागच्या अर्ध्यात कमी करा, म्हणजे बाजूच्या फळीची कमान मागे थोडी जास्त आत घ्या. पुढचा अर्धा आहे तसाच ठेवा.