घरच्यांसोबत जुन्या सिरीयल परत बघायच्या आहेत? मग आधी हे वाचा

आधीच सांगते, मी यात एकदा सपशेल तोंडावर आपटलेय. मोठ्या उत्साहात आईला म्हटलं चल, महाभारत पहिल्यापासून बघू, शुक्रवारी रात्री लावलं आणि रविवारपर्यंत डझनभर एपिसोड उरकले, सोमवारी आई चहा गाळता गाळता म्हणाली "हे संपवायचंच आहे का गं?" झालं. आमचा कृष्ण अजून गोकुळातच आहे.

चूक महाभारताची नव्हती, माझी होती. ९४ एपिसोड आहेत त्याचे, २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि संपलं जून १९९० मध्ये, म्हणजे लोकांनी ते पावणेदोन वर्षं पुरवून पुरवून खाल्लंय, आणि मी ते भंडाऱ्यातल्या पुरीसारखं एकावर एक वाढत सुटले. रविवार ते रविवार मधे जे सहा दिवस असायचे ना, शकुनी आता काय करेल यावर जिन्यात, नळावर, शाळेत जी चर्चा व्हायची, अर्धी सिरीयल तर तीच होती. म्हणून पहिला नियम: आठवड्याला एक. फार तर दोन. दिवस आणि वेळ ठरलेली. आमच्याकडे रविवार सकाळ, पोह्यांवर शेव-जिरावण मसाला पडला की टीव्ही लागतो, आधी नाही.

आता कुठली लावायची. इथे इंदूरच्या मराठी लोकांचा एक घोळ आहे तो लक्षात घ्या. पुण्या-मुंबईचे चुलतभाऊ चिमणराव-गुंड्याभाऊच्या आठवणी काढतात तेव्हा आपण नुसते हसतो, कारण मुंबई दूरदर्शन आपल्या अँटिनाला कधी सापडलंच नाही. आपण वाढलो दिल्लीच्या कार्यक्रमांवर. रामबागेत आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, गच्चीवर दादा अँटिना फिरवायचा, खालून आम्ही ओरडायचो "मुंग्या! अजून मुंग्या! हां बस बस, हात लावू नकोस!" आणि बिचारा दादा अर्धं रामायण गच्चीवर उभं राहून नुसतं ऐकायचा. मराठी सिरीयल घरात आली ती थेट १९९९ नंतर, अल्फा मराठी सुरू झालं तेव्हा, आणि तेही केबलवाल्याच्या मागे लागून लागून. त्यामुळे आमच्या आईच्या पिढीला "आपली सिरीयल" म्हटलं की आधी हम लोग, बुनियाद आठवतं आणि मग आभाळमाया. तुमच्या घरात कोणाला काय आठवतं ते विचारा आधी, स्वतःच्या आवडीचं लादू नका.

माझं मत विचाराल तर सुरुवात मालगुडी डेजनी करा. अर्ध्या तासाच्या आत गोष्ट, बहुतेक एका एपिसोडमध्ये पूर्ण, कोणी मधेच उठून गेलं तरी पुढच्या रविवारी काही अडत नाही. शंकर नागनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात शूट केलेली, टायटलला आर. के. लक्ष्मणची चित्रं, आणि ती ताना-ना-ना वाली धून सुरू झाली की आमच्या बाबांची मान आपोआप हलायला लागते, त्यांना विचारलं तर म्हणतात मी कुठे हलवली. त्यातल्या स्वामी नावाच्या पोराचे वडील झालेत गिरीश कर्नाड, हे माझ्या मुलाला सांगितलं तर त्याला काही फरक पडला नाही, त्याला स्वामीचं शाळेला बुट्टी मारणं आवडलं. तेच पुरे आहे.

नंतर वागळे की दुनिया. १९८८ ची, कुंदन शाहनी केलेली, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. या सिरीयलमध्ये होतं काय तर काहीच होत नाही, एक साधा नोकरदार माणूस, त्याच्या बारीकसारीक कटकटी, खलनायक नाही, कानफटात मारल्यावर तीनदा दाखवणं नाही. बाबा बँकेतून रिटायर झाले, ते वागळेला बघून हसत नाहीत, "बरोबर आहे, असंच होतं" म्हणतात. मला वाटतं ही सिरीयल अजून आवडते त्याचं कारण तेवढंच आहे. २०२१ मध्ये नवी वागळे की दुनिया आली त्यात हीच दोघं म्हातारी होऊन परत आली, आई तेव्हा एकदम म्हणाली "अगं, ही पण थकली की."

ये जो है जिंदगी हवीच, १९८४ ची. लिहिणारे शरद जोशी, आपल्या शेजारच्या उज्जैनचे, हे घरात दोनदा तरी सांगा, मालव्याच्या माणसाला ऐकायला बरं वाटतं. सतीश शाह दर एपिसोडला नवीनच कोणीतरी बनून यायचे, तर आम्ही पोरांना ते कधी येतात यावर जिलबीची पैज लावायला लावतो.

मराठीत श्रीयुत गंगाधर टिपरे, डोळे मिटून. दिलीप प्रभावळकरांचे आबा. एक गंमत सांगते, टिपऱ्यांच्या सुनेचं काम करणाऱ्या शुभांगी गोखले आणि मिस्टर योगी या सिरीयलमध्ये योगी झालेले मोहन गोखले खऱ्या आयुष्यात नवरा-बायको होते. एवढं सांगितलं की आमच्या सोफ्यावर पंधरा मिनिटं टीव्ही म्यूट.

आता मशीनच्या भानगडी. पहिली: चेहरे चपटे दिसणं. या सिरीयल जुन्या चौकोनी टीव्हीसाठी, ४:३ च्या मापात बनलेल्या, आणि काही लोक अपलोड करताना त्या ताणून लांब करतात, मग सगळेच सुजल्यासारखे दिसतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइज की आस्पेक्ट रेशो असं काहीतरी असतं, ते ४:३ करून बघा, दोन्ही बाजूला काळे पट्टे आले की समजा माणसं माणसासारखी दिसणार. बाबा आधी म्हणाले पैसे मोठ्या टीव्हीचे दिले आणि चित्र छोटं का, मग सवय झाली. काही टीव्हीत ॲप चालू असताना ते सेटिंग बदलतच नाही, तेव्हा सरळ दुसरा अपलोड शोधा. आणि डोकी कापून झूम केलेले किंवा आरशासारखे उलटे केलेले व्हिडिओ तर लावूच नका. आम्ही एकदा अर्धा एपिसोड बघितला, मग आई म्हणाली हे सगळे डावखुरे कसे काय, दुकानाची पाटी वाचायला गेलो तर अक्षरं उलटी!

म्हणून शक्यतो प्रसार भारतीचं स्वतःचं बघा. यूट्यूबवर त्यांचं अर्काइव्हचं चॅनल आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी वेव्ह्ज नावाचं ॲप काढलंय. टिपरे वगैरे झीच्या ॲपवर शोधा.

दुसरी भानगड आवाजाची. साउंडबारवर मूव्ही मोड असेल तर तो काढा, व्हॉइस किंवा न्यूजवाला मोड लावा, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये संवाद आधीच दबलेले असतात त्यात घुमणारा बेस आला की आजी "काय म्हणाला?" विचारते आणि तिला सांगण्यात पुढचं वाक्य जातं.

तिसरी, ऑटोप्ले बंद. हे विसरू नका प्लीज. एपिसोड संपल्यावर पाच-दहा सेकंदात पुढचा सुरू झाला की सगळं मातीमोल, कारण खरी मजा तर संपल्यावर आहे, कोणीतरी म्हणतं हा नट नंतर कुठे दिसला होता, कोणाला वाड्यातले काका आठवतात, दादाचा फोन लावला जातो, तो स्पीकरवरून सांगतो की रावण कसा मेला ते त्यानी थेट २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रामायण परत लागलं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

पोरांचं काय, तर जबरदस्ती नको. मोबाईल घेऊन बसली तर बसू दे. आमचा तीन रविवार मान खाली घालूनच बसला होता, चौथ्या रविवारी लाईट गेली तर सगळ्यात आधी तोच ओरडला.

अन् हो, पोहे थोडे जास्तच भिजवा. समोरच्या काकू आल्या की बेल वाजवत नाहीत, दारातूनच विचारतात, "लागलं का?"