घाटात दुचाकी घसरली तर : जखमी आणि अडकलेल्या स्वाराला मदत कशी करावी

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी, वरंध, आंबोली अशा घाटांत दुचाकीस्वारांची गर्दी होते आणि शेवाळलेल्या वळणावर, डंपरमधून सांडलेल्या खडीवर किंवा डिझेलच्या तवंगावर गाडी घसरण्याचे प्रसंगही वाढतात. रुग्णवाहिका पायथ्याच्या गावातून निघून वर पोहोचेपर्यंत वेळ जातो, त्यामुळे जखमीजवळ सर्वांत आधी पोहोचतो तो मागून येणारा वाटसरूच. थांबणाऱ्यांच्या मनात कळकळ असते, पण त्या कळकळीपोटी केलेली ओढाताणच अनेकदा जखमीला भोवते. म्हणून या लेखात काय करावे आणि काय टाळावे, हे दोन्ही क्रमाने दिले आहे.

१. आधी मागची वाहने थांबवा

आपली गाडी वळणावर न थांबवता, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशा ठिकाणी कडेला घ्या आणि चारही इंडिकेटर लावा. सोबत कोणी असेल तर त्याला वळणाच्या अलीकडे उभे करा. जखमीजवळ उभे राहून हात हलवण्याचा उपयोग नाही, कारण वळण घेऊन आलेल्या एसटीला किंवा ट्रकला थांबायला तेथे जागाच उरत नाही. आपल्याकडे रस्त्यावर दगड आणि झाडाच्या फांद्या मांडून इशारा देण्याची जुनी रीत आहे. फांदीला हरकत नाही. दगड मात्र टाळावेत आणि ठेवलेच तर काम संपल्यावर स्वतः उचलावेत. तसेच सोडून दिलेले दगड रात्री पुढच्या दुचाकीस्वाराला पाडतात, हे घाटात नेहमी जाणाऱ्यांना सांगायला नको.

आडव्या पडलेल्या गाडीची चावी लगेच बंद करा. टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपत असते आणि सायलेन्सर तापलेला असतो, त्यामुळे जवळपास कोणालाही विडी-सिगारेट पेटवू देऊ नका. विजेवरच्या स्कूटरच्या बॅटरीतून धूर येत असेल तर गाडीला हात न लावता सर्वांनी दूर व्हावे.

२. फोन करा आणि ठिकाण नेमके सांगा

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर मदतीसाठी ११२, तर राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हे क्रमांक आहेत. ‘ताम्हिणीत अपघात झाला आहे’ एवढे सांगून भागत नाही. आपण कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे जात आहोत, शेवटचा किलोमीटरचा दगड कोणता होता, जवळ धबधबा, मंदिर किंवा हॉटेल काय आहे आणि जखमी शुद्धीवर आहे का, हे सांगा. घाटाच्या काही टप्प्यांत मोबाईलला रेंज नसते. अशा वेळी हीच माहिती कागदावर लिहून पुढे जाणाऱ्या वाहनचालकाच्या हाती द्या, म्हणजे तो रेंज मिळताच वाचून दाखवू शकेल.

३. जखमीला उठवून बसवू नका

जमलेल्यांपैकी कोणीतरी जखमीला काखेत धरून बसवतो, दुसरा पाण्याची बाटली तोंडाला लावतो, आणि हे दोन्ही घातक ठरू शकते. मानेच्या किंवा पाठीच्या मणक्याला इजा झालेली असेल, तर चुकीच्या एका हालचालीने मज्जारज्जू दुखावून हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, शिवाय शस्त्रक्रिया करावी लागली तर पोटातले पाणी अडचणीचे ठरते. जखमी पाणी मागत असेल तर ओठ ओले करा, पण पाजू नका. चेहरा पांढरा पडून अंगाला गार घाम सुटला असेल तर रक्त शरीराच्या आत वाहत असण्याची शक्यता असते, हे फोनवर जरूर कळवा.

श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नये. काच वर करा, नाक-तोंड मोकळे आहे का ते पाहा आणि दोन्ही हातांनी हेल्मेटसह डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरा. श्वास थांबला असेल, किंवा तोंडात रक्त वा उलटी साचून श्वास कोंडत असेल, तरच हेल्मेट काढावे आणि तेही दोघांनी मिळून. एकाने डोक्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसून हेल्मेट दोन्हीकडून धरावे. दुसऱ्याने हनुवटीखालचा पट्टा सोडवावा किंवा सरळ कापावा, एक हात जबड्याखाली आणि दुसरा मानेमागे कवटीच्या तळाशी घालून डोक्याचा भार पेलावा. मग पहिल्याने हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून, नाक मोकळे होण्यापुरते ते किंचित मागे कलवत, अगदी सावकाश ओढून घ्यावे. या सगळ्यात मान वळता कामा नये. काढलेले हेल्मेट रुग्णवाहिकेत सोबत द्या, कारण मार कुठे आणि किती जोरात बसला याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरून येतो.

श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताने सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहा. दमलात तर जागा बदला, पण थांबू नका.

४. रक्त थांबवा

जखमेवर स्वच्छ रुमाल किंवा ओढणी घट्ट दाबून निदान दहा मिनिटे धरा. थांबले का, म्हणून मध्येच उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेवर नव्हे, तर जखम आणि धड यांच्या मधल्या भागात रुंद पट्टा करकचून बांधा, बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि तो स्वतः सोडू नका. हळद आणि तंबाखू जखमेपासून दूरच ठेवा.

रुग्णवाहिका येणारच नसेल आणि जखमीला हलवणे भाग असेल, तर रिक्षात किंवा मोटारीच्या मागच्या सीटवर दुमडून घालण्यापेक्षा टेम्पोचा सपाट हौदा बरा. चार-पाच जणांनी एका फळीवर घेऊन, डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर एकदमच उचलावे.

५. पोलिसांच्या भीतीने निघून जाऊ नका

‘नंतर कोर्टाच्या खेपा कोण घालणार’ ही धास्ती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यामुळे मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि साक्षीदार व्हायचे की नाही हे तोच ठरवतो. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत, नियुक्त रुग्णालयांत जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळण्याची तरतूद आहे. जखमीच्या घाबरलेल्या मित्रांना हे अवश्य सांगा.

६. गाडी बंद पडून अडकलेल्यासाठी

कोणी जखमी नाही, पण गाडी चालत नाही, असा स्वारही कडेला उभा दिसतो. त्याला आधी वळणापासून दूर, शक्य तर डोंगराच्या बाजूला न थांबता मोकळ्या जागेत आणा, कारण पावसात वरून दगड येतात. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचे किट आणि हातपंप यांवर काम भागते. पाण्यातून जाताना गाडी बंद पडली असेल तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ दुरुस्ती मोठ्या खर्चाची होते. साखळी तुटली असेल तर चेनलॉक, म्हणजे साखळीची टोके जोडणारी छोटी कडी लागते, जी खिशात मावते आणि तरीही बहुतेकांजवळ नसतो.

पडल्यामुळे गाडी बंद झाली असेल तर चालू करण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते का, ब्रेकचा लिव्हर शाबूत आहे का आणि पुढचे चाक सरळ आहे का, हे तपासा. ज्या हेल्मेटला जोराचा मार बसला आहे ते वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, कारण आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की पुढच्या वेळी धक्का शोषत नाही.

दुसऱ्या दुचाकीवरून पाय लावून ढकलत नेणे, ज्याला आपण टोचन म्हणतो, ते घाटात करू नये. उतारावर दोन्ही गाड्यांचा वेग सारखा राहत नाही आणि वळणावर ढकलणाऱ्याचाच तोल आधी जातो. गाडी कुलूप लावून जवळच्या हॉटेलवाल्याच्या नजरेसमोर उभी करावी, स्वाराला आपल्या मागे बसवून खाली गावात न्यावे आणि मेकॅनिक घेऊन परत यावे. अंधार पडायला आला असेल तर मेकॅनिकची वाट सकाळीच पाहावी.