परवडतं की नाही हे ठरवताना या चुका टाळा

मोठी वस्तू घ्यायची ठरली की बहुतेकांच्या डोक्यात एक साधा हिशेब चालतो. पगारातून घरखर्च वजा केला, उरलेल्यात हप्ता बसला, म्हणजे वस्तू परवडली. पण हा हिशेब ज्या महिन्यावर बेतलेला असतो, त्यात कुणी आजारी नसतं, गाडी बिघडलेली नसते, फी भरायची नसते आणि पगार वेळेवर झालेला असतो. असे महिने वर्षात थोडेच येतात. बचत होत नाही ती उधळेपणामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जपून खर्च करणारी माणसंसुद्धा अडकतात, कारण ‘परवडतं’ हे त्यांनी वर्षातल्या सगळ्यात चांगल्या महिन्यावरून ठरवलेलं असतं.

फक्त महिन्याचा हिशेब मांडणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबूया.

समजा, घरात महिन्याला ४०,००० येतात आणि ३०,००० खर्च होतात. कागदावर १०,००० उरतात. आता वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च मांडा: विम्याचे हप्ते १८,०००, शाळेची फी ३६,०००, घर आणि वाहनाची दुरुस्ती १२,०००, प्रवास आणि लग्नकार्यं २४,०००. बेरीज होते ९०,०००, म्हणजे महिन्याला ७,५००. उरलेले १०,००० प्रत्यक्षात २,५०० असतात. याच घराने ‘दहा उरतात’ असं धरून ६,०००चा हप्ता लावून घेतला, तर पहिले काही महिने सगळं सुरळीत चालेल आणि फीचा महिना आला की उसनवारी सुरू होईल.

यातला कुठलाही खर्च अचानक आलेला नाही. फी कधी भरायची हे वर्षभर आधी माहीत असतं, तरी ती संकटासारखी येते. याचं कारण माणसाच्या अंदाज बांधण्याच्या सवयीत आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्येच दाखवून दिलं होतं की, पुढच्या योजना आखताना आपण समोरच्या प्रसंगाचा तेवढा विचार करतो आणि मागे असंच काय-काय घडलं होतं ते बाजूला ठेवतो. ‘हे वर्ष जरा वेगळंच गेलं’ असं आपण दरवर्षी म्हणतो, ते त्यातूनच.

म्हणून आठवून यादी करू नका. मागच्या १२ महिन्यांचा बँकेचा उतारा काढा आणि नेहमीच्या घरखर्चात न बसणारी प्रत्येक नोंद बाजूला लिहा. ‘हे पुन्हा होणार नाही’ म्हणून एकही नोंद गाळू नका. तोच खर्च पुन्हा होणार नाही, पण त्याच्या जागी दुसरा काहीतरी येईल. बेरजेला १२ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. हे पैसे बचत म्हणून मोजू नका, ते खर्च झालेलेच आहेत. त्यानंतर जे उरतं, तेवढ्यातच ‘परवडतं का’ हा प्रश्न विचारता येतो.

ज्यांचं उत्पन्न दरमहा सारखं नसतं, त्यांनी सरासरी धरू नये. वर्षातल्या सगळ्यात कमी कमाईच्या दोन-तीन महिन्यांवर कायमचे खर्च बेतावेत. हप्ता आणि भाडं सरासरीची वाट पाहत नाहीत.

हप्ता पाहणं आणि एकूण रक्कम न पाहणं

१ लाखाचं कर्ज वार्षिक १२ टक्क्यांनी २ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ४,७०७ येतो आणि एकूण सुमारे १,१२,९७६ भरावे लागतात. तेच कर्ज ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता उतरून २,२२४ होतो, पण भरावे लागतात सुमारे १,३३,४६७. विक्रेता तुमच्यासमोर दुसरा हप्ता ठेवतो, कारण तो ऐकायला हलका वाटतो. ‘दरमहा किती’ याआधी ‘सगळे मिळून किती’ हे विचारायची सवय लावून घ्या.

दर ऐकतानाही सावध राहा. व्याज शिल्लक मुद्दलावर आहे की शेवटपर्यंत मूळ रकमेवर, हे स्पष्ट विचारा. मूळ रकमेवर १० टक्के दराने ३ वर्षांचं कर्ज घेतलं, तर शिल्लक मुद्दलाच्या हिशेबाने तो दर जवळपास १८ टक्के पडतो, कारण फेडून झालेल्या पैशांवरही तुम्ही व्याज भरत राहता. क्रेडिट कार्डाचं तसंच. महिन्याला ३ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो, पण थकबाकी तशीच राहिली तर चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांवर जातो. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरून दंड टळतो, कर्ज जवळजवळ तेवढंच राहतं.

खरेदी झाल्यावरचा खर्चही त्याच कागदावर यायला हवा. वाहनाला इंधन, विमा, देखभाल लागते. मोठ्या घरात वीज, साफसफाई, सामान सगळंच वाढतं.

या सगळ्यावर मला एक चाचणी फार भरवशाची वाटते. वस्तू घेण्याआधी ६ महिने तो हप्ता, अधिक वापराचा खर्च, स्वतःच्याच वेगळ्या खात्यात भरा. तारीख ठरवून, न चुकता. जमलं, तर वस्तू परवडते आणि हाताशी सुरुवातीची रक्कमही जमलेली असते, म्हणजे कर्ज कमी घ्यावं लागेल. तिसऱ्याच महिन्यात त्या खात्याला हात लावावा लागला, तर उत्तर मिळालं, आणि तेही कर्जात न पडता.

उरेल ते साठवू म्हणणं

उरत नाही. पगार झाल्याच्या दिवशी रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात वळती झाली पाहिजे. आजच्या खर्चाला कात्री लावणं जड जात असेल, तर पुढच्या पगारवाढीतला हिस्सा आजच बचतीच्या नावे करा. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांबरोबर हेच करून पाहिलं. पगार वाढला की बचतीचं प्रमाणही वाढेल, एवढंच आधी कबूल करून घेतलं. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारी रक्कम कधी कमी झालीच नाही, म्हणून कुणाला ते टोचलं नाही.

याच्या उलटही एक चूक आहे, आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. उत्साहात मोठी रक्कम बाजूला टाकायची आणि २०–२२ तारखेला तीच परत काढायची. दोन-तीनदा असं झालं की ‘आपल्याला बचत जमतच नाही’ असं मनात बसतं. तुमचं असं होत असेल तर स्वतःला दोष देऊ नका, पैसे कशासाठी काढले ते पाहा. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चासाठी काढले असतील, तर वर दिलेला हिशेब राहून गेला आहे. किराणा आणि बिलांसाठी काढले असतील, तर रक्कम झेपेल त्यापेक्षा जास्त धरली आहे. ती निम्मी करा आणि निम्मी तरी टिकू द्या.

व्याज भरत असताना साठवत राहणं

खात्यात ४ टक्क्यांनी पैसे पडून आणि कार्डावर ४२ टक्क्यांची थकबाकी, अशी घरं बरीच असतात. शिल्लक दिसली की धीर वाटतो, हे समजण्यासारखं आहे. पण साधारण एका महिन्याचा खर्च हाताशी ठेवून बाकीचे पैसे आधी त्या महागड्या कर्जात घालावेत. ते फिटलं की गंगाजळी वाढवावी, ३ ते ६ महिन्यांच्या खर्चाइतकी. घरात कमावणारं एकच माणूस असेल तर ६ महिन्यांच्या बाजूने झुका.

सवलतीला बचत समजणं

जी वस्तू पूर्ण किमतीला घ्यायचं तुमच्या मनातही नव्हतं, ती निम्म्या किमतीत घेतली तर निम्मी किंमत खर्च झाली. यात यापेक्षा जास्त काही नाही.

दुसऱ्याचं कर्ज आपल्या हिशेबात न धरणं

जामीन राहताना आपण नात्याकडे पाहतो, आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण कर्ज देणारा कायद्याकडे पाहतो. मूळ कर्जदार थकला की वसुली जामीनदाराकडून होऊ शकते. म्हणून सही करण्याआधी एवढंच तपासा: हे सगळं कर्ज मला फेडावं लागलं तर फेडता येईल का? येत नसेल, तर झेपेल तेवढी रक्कम परत येण्याची अपेक्षा न ठेवता द्या आणि सहीला नकार द्या. नातं त्यानेच जास्त टिकतं. उसने देतानाही हाच निकष लावावा.

घरातल्या जोडीदाराला न सांगता घेतलेला हप्ताही याच प्रकारात येतो. दोघं वेगवेगळ्या आकड्यांवर विसंबून खर्च करत असतील, तर कुणाचाच हिशेब खरा नसतो. वर्षाच्या खर्चाचा तो कागद दोघांनी मिळून बनवावा.

आधीच अडकला असाल तर

सगळी कर्जं व्याजदराच्या उतरत्या क्रमाने लिहा. सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरा आणि जास्तीचा प्रत्येक पैसा सगळ्यात वरच्या कर्जात घाला. जुना हप्ता भरायला नवं कर्ज काढू नका. नवा दर खरोखर कमी असेल आणि त्या पैशांनी जुनं कर्ज पूर्ण बंद होणार असेल, तरच विचार करा. पुढचा हप्ता चुकणार हे दिसू लागलं, तर चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याकडे जा. थकबाकीदार होण्याआधी मुदत वाढवून मागणं सोपं असतं. हप्ता चुकल्यावर दंड लागतो, पत बिघडते आणि बोलायला जागा कमी उरते.

आणि वस्तूच परवडत नसेल, तर ती लवकर विका. वाहनाची किंमत सुरुवातीच्या वर्षांत झपाट्याने घसरते, तर मुद्दल त्या काळात हळू फिटतं. जितका उशीर, तितकी विक्रीची रक्कम उरलेल्या कर्जापेक्षा कमी पडण्याची शक्यता जास्त. कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क किती हे आधी लेखी मागून घ्या आणि मगच भाव ठरवा.