माया संस्कृतीवर प्रकल्प करताय? या चुका टाळा

मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा, भोवती कोरीव कडी. ‘माया दिनदर्शिका’ शोधली की हाच गोल दगड पहिल्यांदा समोर येतो आणि पुढचं काही न वाचता उचलला जातो. ही अ‍ॅझ्टेकांची सूर्यशिला आहे. ती १७९० मध्ये मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात सापडली. तिचा आणि माया लोकांचा संबंध नाही: अ‍ॅझ्टेक मध्य मेक्सिकोतले, माया दक्षिण मेक्सिको आणि ग्वातेमालाच्या भागातले.

एका शाळेच्या प्रदर्शनात मी परीक्षक होते. सातवीच्या मुलींनी पंधरा दिवस खपून थर्माकोलची तीन फुटी चकती कोरली होती, अगदी हुबेहूब. खाली पाटी होती: ‘माया दिनदर्शिका, २०१२ मध्ये जगबुडी’. मी खरं सांगितलं तेव्हा एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाई, मग आता?” चूक तिची नव्हती, मोठ्यांपैकी कुणीही दगडाचं नाव तपासलं नव्हतं. आम्ही तिथेच जमिनीवर बसलो आणि चकती उलटी केली. माया अंकांत टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपला म्हणजे शून्य. कोऱ्या बाजूवर वर दोन रेघा नि तीन टिंबं, खाली चार शिंपले काढले. वर तेरा बक्तुन (एक बक्तुन म्हणजे १,४४,००० दिवस), खाली सगळी शून्यं: ही झाली २१ डिसेंबर २०१२ ची तारीख. तेरा बक्तुन, म्हणजे १८,७२,००० दिवस, त्या दिवशी पूर्ण झाले आणि मोजणी पुढे चालू राहिली. पालेंके या माया शहरातल्या एका शिलालेखात तर थेट इसवी सन ४७७२ मधली तारीख आहे. जगबुडी मानणारे लोक इतक्या पुढचं कशाला कोरतील?

कुठलंही चित्र घेण्याआधी ती वस्तू कुठे सापडली आणि आज कुठे आहे, हे मी वहीत लिहून ठेवते. दोन्ही मिळालं नाही तर चित्र सोडून देते. यात दहा मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत. घाईत केलेला प्रकल्प दुरुस्त करायला आठवडा लागतो.

दुसरी चूक मला जास्त लागते: ‘माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले.’ नवव्या शतकात तिकाल, कोपान, पालेंके अशी दक्षिणेकडची शहरं ओस पडत गेली, हे खरं. दुष्काळ, आपसातली युद्धं, राजांवरचा उडालेला विश्वास, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली होती. पण माणसं राहिली. शेवटच्या स्वतंत्र माया राज्याची राजधानी, नोहपेतेन, स्पॅनिशांनी जिंकली ती १६९७ मध्ये. तेव्हा इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. आजही ग्वातेमाला, युकातान, चियापास इथे लाखो लोक किचे, माम, युकातेक अशा माया भाषा बोलतात. १९९२ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू किचे आहेत. म्हणून मुलांच्या वहीतल्या प्रत्येक ‘होते’खाली मी रेघ मारते आणि तिथे ‘आहेत’ बसतं का ते पाहायला लावते.

माया लोकांचं नातं आपल्या पुराणांतल्या मयासुराशी जोडत असाल तर कृपया थांबा, हे निव्वळ उच्चारसाम्य आहे.

‘शांत, तारे बघणारे लोक’ असंही लिहू नका. बोनाम्पाक या माया शहराच्या भित्तिचित्रांत छळलेले युद्धकैदी स्पष्ट दिसतात.

खाद्यपदार्थांचा स्टॉल असेल तर कॉर्नफ्लोअरच्या पोळ्या लाटू नका. ते नुसतं स्टार्च असतं. माया लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, मुरवून, धुऊन वाटतात. त्यामुळे पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. शिवाय अभिजात काळातल्या (साधारण इसवी सन २५० ते ९००) माया चित्रांत ताटात पोळ्या नाहीत, तामाले दिसतात. मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवायचं. घरी पातोळ्या होत असतील तर आजीला मदतीला घ्या, पान दुमडायची सवय तिच्या हाताला आहे.