जेनेटिक इंजिनिअरिंग शिकायचंय? फी भरण्याआधी लॅब बघून या

मी कळव्याची. बी.एस्सी. बायोटेक, मग एम.एस्सी., आणि गेली सहा वर्षं महाप्याच्या एमआयडीसीत बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच काम करणारी) औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी. बारावीचा निकाल लागला की सोसायटीतली, नात्यातली मुलं आईवडिलांना घेऊन घरी येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, जेनेटिक इंजिनिअरिंगला ॲडमिशन कुठे मिळेल?" त्यांना जे सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

या नावाची डिग्री शोधत बसू नका. आपल्याकडे हा विषय, म्हणजे सजीवांच्या जीनमध्ये (जनुकांमध्ये) हवा तसा बदल करण्याचं तंत्र, बहुतेक ठिकाणी बायोटेक्नॉलॉजीच्या पोटात शिकवतात. ठाण्यात बांदोडकर कॉलेजात बी.एस्सी. बायोटेक आहे, बेलापूरला डी. वाय. पाटील विद्यापीठाचं बायोटेक आणि बायोइन्फर्मेटिक्सचं (जीवशास्त्रातली माहिती कॉम्प्युटरवर तपासण्याचं शास्त्र) वेगळं स्कूल आहे. मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा लाइफ सायन्सेस घेऊनही याच कामापर्यंत पोचता येतं. माझ्या टीममधले निम्मे जण मायक्रोवालेच आहेत. बी.टेक. करायचं तर बऱ्याच ठिकाणी बारावीला गणित लागतं. पण बी.एस्सी. करणार असाल तरी गणिताला रामराम ठोकू नका. पुढे आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या एम.एस्सी.साठी गॅट-बी. दोन्हीकडे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे प्रश्न येतात. मी अकरावीतच गणित सोडलं होतं. जॅमच्या वेळी लॉगॅरिदम आणि प्रोबॅबिलिटी पहिल्यापासून शिकायला बसले, आणि त्या वर्षी माझा नंबर लागला नाही.

आता मुख्य मुद्दा. हा विषय हाताने शिकायचा आहे. माझ्या बी.एस्सी.च्या कॉलेजात तीन वर्षांत मी ॲगारोज जेलमध्ये (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी लिबलिबीत चकती) स्वतःच्या हाताने सॅम्पल फक्त एकदा भरलं. तीस जणांत एक जेल. सर करून दाखवायचे, आम्ही मागे टाचा उंचावून बघायचो आणि रीडिंग फळ्यावरून जर्नलमध्ये उतरवायचो. जर्नल सर्टिफाय झालं, मार्कही चांगले पडले. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मायक्रोपिपेट हातात देऊन दोन मायक्रोलिटर घ्यायला सांगितले. दोन मायक्रोलिटर म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा साधारण पंचविसावा भाग. पिपेटच्या बटणाला दोन स्टॉप असतात. ओढताना पहिल्यापर्यंतच दाबायचं, दुसरा फक्त शेवटचा थेंब बाहेर टाकायला. मी सरळ खालपर्यंत दाबून ओढलं. फर्स्ट क्लासची मार्कशीट घेऊन आले होते आणि पिपेट धरता येत नव्हतं. त्या दिवशी लोकलमध्ये डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या कॉलेजवरचा राग अजून गेलेला नाही. फी आम्ही पूर्ण भरली होती.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मला एक जीन प्लाझमिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यात, जोडून ई. कोलाय बॅक्टेरियात घालायचा होता. याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. बर्फात ठेवलेल्या पेशींना ४२ अंशांच्या पाण्यात मिनिटभर, कधी त्याहूनही कमी वेळ बुडवायचं, की लगेच परत बर्फात. त्या झटक्यात काही पेशी प्लाझमिड आत घेतात. मग त्या ॲम्पिसिलीन हे अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर पसरवायच्या. प्लाझमिडवर ॲम्पिसिलीनला तोंड देणारा जीन असतो, म्हणून ज्यांच्यात ते गेलं त्याच जगतात, आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर साबुदाण्याहून बारीक ठिपके, म्हणजे त्यांच्या कॉलनी, दिसतात. मला तीन आठवडे एकही ठिपका दिसला नाही. प्लाझमिड नव्याने काढलं, पेशी नव्याने तयार केल्या, प्लेट नव्याने ओतल्या. शेवटी लॅब असिस्टंट दादांनी काचेचा थर्मामीटर वॉटर बाथमध्ये बुडवला. डिस्प्लेवर ४२, थर्मामीटरवर ४७. मी माझ्या पेशी रोज गरम पाण्यात मारत होते. बाथ दुरुस्त झाल्यावर प्लेटवर अकरा कॉलनी आल्या. त्या मी मार्करने मागून गोल करून मोजल्या होत्या.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, तुमचा कुठला प्रयोग फसला आणि का? मी हीच गोष्ट सांगितली. समोरच्या सरांनी बायोडेटा बाजूला ठेवला आणि अर्धा तास त्यावरच बोलले. कंपनीत येऊन कळलं की इथे प्रत्येक यंत्राचं कॅलिब्रेशन (यंत्र आकडा बरोबर दाखवतंय ना, याची तपासणी) तारीखवार ठरलेलं असतं. तारीख उलटून गेली असेल तर त्या यंत्राला हात लावायचा नाही.

आमचं काम असं. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून मूळ घेतलेल्या सीएचओ पेशींमध्ये माणसाच्या उपयोगाच्या अँटिबॉडीचा जीन घातलेला असतो. त्या पेशी बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या टाकीत, वाढवायच्या, त्यांनी बनवलेलं प्रोटीन वेगळं करायचं, शुद्ध करायचं, तपासायचं. कर्करोगावरची कितीतरी औषधं अशी बनतात. सुरुवात इन्शुलिनपासून झाली. आधी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. जीन घातलेल्या बॅक्टेरियापासून बनवलेल्या मानवी इन्शुलिनला अमेरिकेत १९८२ साली मंजुरी मिळाली.

या कामात लिहिणं फार असतं. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत, आकडा चुकला तर व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. नवीन मुलं याला कंटाळतात. पण ते औषध कोणाच्या तरी शिरेत जाणार आहे.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण पालक तेच विचारायला आलेले असतात. नुसत्या बी.एस्सी.वर बहुधा क्वालिटी कंट्रोल, प्रॉडक्शन किंवा डायग्नोस्टिक लॅबमधली सुरुवातीची नोकरी मिळते. माझ्या मैत्रिणीला १६ हजारांवर लागली होती, मला एम.एस्सी.नंतर २१ हजारांवर. इंजिनिअरिंग केलेल्या चुलतभावाशी तुलना केली तर पहिली चार-पाच वर्षं जड जातात. घरचं कर्ज लगेच फेडायचं असेल तर हा रस्ता धरण्याआधी घरी बसून बोला. संशोधनात जायचं असेल तर सीएसआयआर-नेट ही परीक्षा देऊन किंवा डीबीटीची (केंद्राच्या त्याच बायोटेक्नॉलॉजी विभागाची) फेलोशिप काढा. २०२३ पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोला) महिना ३७ हजार मिळतात आणि पीएच.डी.ची पाच वर्षं घरच्यांकडे हात पसरावा लागत नाही. प्रोग्रॅमिंगची आवड असेल तर बायोइन्फर्मेटिक्स बघा. लॅबमध्ये उभं राहणं जमत नसेल तर रेग्युलेटरी अफेअर्स (औषधांना सरकारी मंजुरी मिळवण्याचं काम) आणि पेटंटच्या कामातही याच शिक्षणाची माणसं लागतात.

संधी मात्र आपल्या दारात आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेस आहे, तुर्भ्याला थायरोकेअरची तपासणी लॅब, अंबरनाथला भारत सीरम्सचा कारखाना. आणि खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र. जून २०२१ मध्ये भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती तिथेच एका रुग्णाला दिली गेली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, त्यांच्यात कर्करोगाची पेशी ओळखायला लावणारा जीन घालून, त्या परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या या कामातून आलेल्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पनवेल लोकलने आपल्या घरापासून तासाभरावर हे घडलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

कॉलेजात लागलात की दुसऱ्या वर्षापासून सुट्ट्या लॅबमध्ये घालवा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून समर फेलोशिप देतात. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारासच भरावे लागतात, एप्रिलमध्ये जाग येऊन उपयोग नाही.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसमधून माहितीपत्रक घेऊन परतू नका. लॅबपर्यंत जा. एका बॅचला किती मुलं आणि किती पिपेट, ते विचारा. पीसीआर मशीनवर (डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र) धूळ आहे का बघा. तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी कॉरिडॉरमध्ये भेटली तर तिला विचारा, "तू स्वतः किती जेल लावलीस?" आकडा आठवायला तिला वेळ लागला, तर आणखी एखादं कॉलेज बघून या.