कम्युनिटी कॉलेजातून आर.एन.: अर्जाच्या आधीची दीड-दोन वर्षं

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आर.एन., व्हायला चार वर्षांची डिग्री लागतेच असं नाही. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री पुरते. तिला सगळे ए.डी.एन. म्हणतात. चार वर्षांचं बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स डिग्री, केलेल्यांची आणि तुमची लायसन्सची परीक्षा एकच, एनक्लेक्स-आरएन. 'दोन वर्षांची' हा शब्द मात्र फसवा आहे. प्रीरेक्विझिट, म्हणजे नर्सिंगच्या प्रवेशाआधी करावे लागणारे विषय, आणि जागेसाठी थांबण्यात जाणारा वेळ धरला तर साडेतीन-चार वर्षांची तयारी ठेवावी. प्रवेश मिळणार की नाही हेही अर्जाच्या आधीच्या तीन-चार सेमिस्टरांतच ठरून गेलेलं असतं. खालचा तपशील कॅलिफोर्नियाचा आहे. दुसऱ्या राज्यात आकडे आणि नियम तिथल्या कॉलेजात तपासून घ्या.

सुरुवात व्हिसापासून करा. एच-४, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा व्हिसा. त्यावर शिकता येतं, पण वर्क परमिट, म्हणजे ई.ए.डी., असल्याशिवाय नोकरी करता येत नाही. ते मिळतं बहुधा नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाल्यावर. 'लायसन्स मिळालं की हॉस्पिटल एच-१बी करेल' या भरवशावर राहू नका. साध्या आर.एन.च्या नोकरीला बॅचलर्स डिग्रीची अट नसते, त्यामुळे ती सहसा एच-१बीत बसत नाही. ई.ए.डी. किंवा ग्रीन कार्ड कधीपर्यंत येईल याचा अंदाज घेऊनच वर्षांचं गणित मांडा, नाहीतर लायसन्स भिंतीवर आणि तुम्ही घरात.

फीचाही संबंध याच्याशी आहे. रहिवासी विद्यार्थ्याला युनिटमागे (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप) 46 डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा आणि इथेच राहायचा इरादा असल्याचा पुरावा दिला की एच-४ वाल्यांनाही रहिवासी फी लागू होऊ शकते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ती सवलत नाही. भाडेकरार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स यांवरच्या तारखा एकमेकींशी जुळू द्या.

आता मुख्य भाग, प्रीरेक्विझिट. लॅबसह अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे तीन कणा आहेत. त्यांच्या जोडीला इंग्रजी कॉम्पोझिशन असतं, आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स व सायकॉलॉजी. फिजिऑलॉजी आणि मायक्रोच्या आधी पुष्कळ कॉलेजं केमिस्ट्री मागतात, आणि पहिला उशीर इथेच होतो. 'केमिस्ट्री बारावीला झालीय' हे तिथे चालत नाही. दुसरा उशीर रजिस्ट्रेशनचा. नव्या विद्यार्थ्याची पाळी शेवटी येते, तोवर अ‍ॅनाटॉमीचे वर्ग भरलेले असतात. अशा वेळी वेटलिस्टवर नाव घालायचं आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहायचं. न आलेल्यांच्या जागा प्राध्यापक तिथल्या तिथे वाटतात. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी आणि केमिस्ट्री घेतली की पुढच्या वेळी पाळी थोडी लवकर येते.

अ‍ॅनाटॉमी आणि मायक्रो एकाच सेमिस्टरला घेऊ नका, शक्य असलं तरी. एकेका विषयाला चार-पाच युनिट असतात आणि दोन्हींत पाठांतर आहे. उन्हाळ्यात तर सोळा आठवड्यांचा माल सहा-आठ आठवड्यांत कोंबलेला असतो. घाईचा दंड असा की विषय पुन्हा केलात तर ग्रेड सुधारतो, पण 'किती वेळा केला' हेही अनेक कॉलेजं मोजतात. काही ठिकाणी विषय मध्येच सोडल्याचा 'डब्ल्यू' हा शेरासुद्धा एक प्रयत्न धरतात. रखडतंय असं वाटलं तर दंड न लागता विषय सोडायची तारीख पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असते. ती कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

कुठे अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी वेगळे विषय असतात, कुठे दोन्ही मिळून भाग एक-भाग दोन. एका पद्धतीचा अर्धा आणि दुसरीचा अर्धा जुळत नाही, म्हणून जोडी एकाच कॉलेजात पूर्ण करा. ऑनलाइन लॅब आणि पाच-सात वर्षांपूर्वीचे सायन्सचे विषय काही कॉलेजं घेत नाहीत, तेही आधीच विचारा.

भारतातल्या डिग्रीचं काय? कोर्स-बाय-कोर्स मूल्यमापन करून घ्या, डब्ल्यू.ई.एस.सारख्या संस्था ते करतात. मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. असूनही सायन्सचे विषय पुन्हा करावे लागण्याची तयारी ठेवा. लॅबचे तास आणि युनिट जुळत नाहीत. तरी डिग्री वाया जात नाही. जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे नर्सिंगबाहेरच्या सामान्य विषयांच्या, अटी तिने सुटू शकतात आणि प्रवेशाच्या गुणांकनात आधीच्या डिग्रीचे गुणही मिळू शकतात. ट्रान्सक्रिप्ट बहुधा विद्यापीठाकडूनच थेट जावं लागतं, तेव्हा भारतवारीत ते काम पहिलं करा. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाहनोंदणीचा दाखला सोबत जोडा.

निवडीच्या पद्धती तीन: गुणांकन, लॉटरी, प्रतीक्षायादी. आपलं कॉलेज कोणत्या गटातलं हे पहिल्याच सेमिस्टरला शोधा. शुद्ध लॉटरी असेल तर किमान अट पार केल्यावर ए आणि बी सारखेच. बीचा ए करायला सेमिस्टर घालवणं मूर्खपणा. गुणांकनात मात्र सायन्सचा एकेक ग्रेड मोलाचा. राज्याच्या कायद्यातल्या गुणांकनाच्या निकषांत ग्रेड, प्रवेशपरीक्षा, आधीची डिग्री, आरोग्यक्षेत्रातला अनुभव हे आहेच, शिवाय इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं हाही निकष आहे, आणि त्यात भारतीय उपखंडातल्या भाषा बसतात. मराठीचे गुण सोडू नका. पुरावा काय चालतो ते कॉलेजगणिक बदलतं. दहावी-बारावीची मार्कशीट हाताशी असू द्या. अनुभवासाठी सी.एन.ए.चा, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या सहायकाचा, कोर्स कॅलिफोर्नियात 160 तासांचा आहे. अंग पुसणं, कूस बदलवणं, बेडपॅन देणं हे आपल्याच्याने होतं का, तेही तिथेच कळतं.

प्रवेशपरीक्षा बहुतेक ठिकाणी टीज: 170 प्रश्न, 209 मिनिटं, आणि कॅलिफोर्नियात किमान 62 टक्के. पण 62 म्हणजे नुसतं दार उघडणं. गुणांकनात त्याच्या बरंच वर लागतं. सायन्समध्ये अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा वाटा मोठा, म्हणून फिजिऑलॉजी संपल्या संपल्या परीक्षा द्या. गणितात आपले लोक अपूर्णांकांत अडत नाहीत, औंस-पाउंड-गॅलनमध्ये अडतात. काही कॉलेजं पहिल्याच प्रयत्नाचा स्कोअर धरतात, म्हणून 'एकदा बघू तरी' म्हणून बसू नका.

अर्जात विषय 'चालू आहे' असं लिहून सहसा भागत नाही; अंतिम तारखेला ग्रेड हातात लागतो. त्या तारखेपासून उलटं मोजत वेळापत्रक बसवा.

जागा मिळाल्यावर आरोग्याचे कागद द्यायला काही आठवडेच असतात, आणि तिथे भारतात वाढलेल्यांची हमखास धांदल उडते. दंडावर बीसीजीचा व्रण असेल तर टीबीची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि छातीच्या एक्स-रेचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. रक्तावरची क्वांटिफेरॉन चाचणी बीसीजीने फसत नाही. कॉलेज स्वीकारतं का विचारून थेट तीच करा. हेपेटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, वर महिन्या-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. प्रवेशाचं पत्र आल्यावर पहिला डोस घेतला तर गाडी चुकलीच समजा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसीची जुनी कार्डं बहुधा सापडत नाहीत. ती शोधण्यापेक्षा टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी, काढून घ्या. सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देण्याच्या प्रशिक्षणाचं, कार्ड अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बी.एल.एस. (बेसिक लाइफ सपोर्ट) कोर्सचं घ्या, निव्वळ ऑनलाइन कोर्सचं बहुधा परत येतं.